आयनिक की सहसंयुज: ओळखायची भरवशाची रीत कोणती?

अनुस्वार
संयुगाचं नाव किंवा सूत्र बघून ते आयनिक (आयनांचं, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांचं) की सहसंयुज (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन जोडलेल्या अणूंचं), हे ठरवायला शाळेत साधारण तीन नियम सांगतात. एक, धातू आणि अधातू एकत्र आले की आयनिक, सगळे अधातूच असले की सहसंयुज. दोन, पाण्यात विरघळल्यावर वीज वाहून नेतं ते आयनिक. तीन, दोन मूलद्रव्यांच्या विद्युतऋणतेतला (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या ताकदीतला) फरक १.७ च्या वर गेला की आयनिक.

मी हे तिन्ही शिकवते आणि मुलं तिन्ही ठिकाणी मला अडवतात. अमोनियम क्लोराइडमध्ये नायट्रोजन, हायड्रोजन, क्लोरीन. एकही धातू नाही, तरी ते आयनिक. टायटॅनियम पक्का धातू, पण त्याचं टेट्राक्लोराइड म्हणजे १३६ °से.ला उकळणारा द्रव. हायड्रोजन क्लोराइड पाण्यात विरघळवला की द्रावणातून वीज उत्तम वाहते, पण तो वायू रेणूंचाच.

माझं मत असं, की हे अपवाद "पुढच्या वर्गात कळेल" म्हणून ढकलून देऊ नयेत. खरं रसायनशास्त्र तिथेच सुरू होतं. पण मग मुलांच्या हातात द्यायचं काय? न फसणारी अशी एखादी कसोटी आहे का?

शाळामास्तर
पहिला नियम एवढ्यात मोडीत काढू नका. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, बेरियम यांची क्लोराइडं, ब्रोमाइडं, ऑक्साइडं घ्या. नियम कुठेही दगा देत नाही. आवर्तसारणीच्या पहिल्या दोन गणांतले (उभ्या रांगांतले) धातू असले की डोळे मिटून आयनिक म्हणावं, फक्त बेरिलियम बाजूला ठेवावं. दुसऱ्या टोकाला कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन, सल्फर डायऑक्साइड. तिथेही नियम चोख.

अमोनियमचं म्हणाल, तर तो एक शब्द लक्षात ठेवला की झालं. नावात "अमोनियम" दिसलं की तो समूह धन आयन म्हणून धातूच्या जागी बसलाय, असं धरायचं. मी मुलांना सांगतो, आधी सूत्रात ओळखीचे आयन सापडतात का बघा: अमोनियम, नायट्रेट, सल्फेट, कार्बोनेट, हायड्रॉक्साइड. धातू-अधातू नंतर.

टवाळ_पोर
आमची व्याख्या: इलेक्ट्रॉन देऊन टाकला तर आयनिक, निम्मा-निम्मा वाटून घेतला तर सहसंयुज, आणि धाकट्या भावासारखं "वाटून घेऊ" म्हणत सगळं पांघरूण स्वतःकडे ओढलं तर ध्रुवीय सहसंयुज.

मृण्मयी_
@टवाळ_पोर, हे पांघरूण फळ्यावर जाणार आहे! :-)

निरगुडी
मास्तर, सल्फेट-नायट्रेटवरून एक शंका. सोडियम सल्फेट आयनिक म्हणायचं, पण सल्फर आणि ऑक्सिजन तर दोन्ही अधातू. मग त्यांच्यातला बंध?

शाळामास्तर
@निरगुडी, सल्फेटच्या आतला बंध सहसंयुजच. एक सल्फर आणि चार ऑक्सिजन सहसंयुज बंधांनी बांधलेले, आणि त्या अख्ख्या गटावर दोन ऋण भार. हा गट आणि सोडियम आयन यांच्यातलं आकर्षण ते आयनिक. म्हणून "या संयुगात कोणता बंध आहे" हा प्रश्नच अर्धवट आहे. एकाच पदार्थात दोन्ही असू शकतात. विचारायचं ते असं, की घन पदार्थ कोणत्या कणांचा रचलाय? आयनांचा की रेणूंचा?

इलेक्ट्रॉनवाला
शेवटचं वाक्य मला मान्य. आता तिसऱ्या नियमाबद्दल, कारण १.७ हा आकडा फार जणांच्या डोक्यात घट्ट बसलाय.

विद्युतऋणता मोजायच्या पॉलिंगच्या मापपट्टीवर सोडियम ०.९३ आणि क्लोरीन ३.१६, फरक २.२३. म्हणजे आयनिक, ठीक. आता सिलिकॉन १.९० आणि फ्लोरीन ३.९८. फरक २.०८, म्हणजे नियमाप्रमाणे मिठाच्या पंगतीला बसायला हवं. प्रत्यक्षात सिलिकॉन टेट्राफ्लोराइड हा वायू आहे. बोरॉन ट्रायफ्लोराइडचा फरक १.९४, तोही वायू. हायड्रोजन फ्लोराइडचा १.७८, आणि ते २० °से.च्या आतच उकळतं.

उलट बाजूने बघा. लिथियम ०.९८, हायड्रोजन २.२०, फरक जेमतेम १.२२. नियम म्हणेल सहसंयुज. पण लिथियम हायड्राइड हा पांढरा स्फटिकी घन आहे, जवळपास ६९० °से.ला वितळतो, आणि त्या द्रवातून वीज सोडली तर हायड्रोजन वायू धन अग्राशी (वीज आत सोडणाऱ्या दोन कांड्यांपैकी धन कांडीशी) निघतो. पाण्याचं विद्युतअपघटन (विजेने विघटन) करताना हायड्रोजन ऋण अग्राशी निघतो, हे आठवा. इथे तो धन अग्राकडे जातोय, म्हणजे त्या द्रवात हायड्रोजन ऋण आयन होऊन बसलाय. याहून स्पष्ट पुरावा काय हवा!

म्हणून २.०८ वाला वायू आणि १.२२ वाला आयनिक घन. नुसता फरक बघून चालत नाही. दोन्ही मूलद्रव्यांची विद्युतऋणता मुळात किती आहे आणि मध्यवर्ती अणूभोवती किती अणूंचा वेढा पडलाय, तेही बघावं लागतं. सिलिकॉनला चार फ्लोरीननी चहूबाजूंनी झाकलं की रेणू स्वयंपूर्ण होतो. शेजारच्या रेणूशी त्याला फारसं देणंघेणं उरत नाही.

वाचकमात्र
वाखु (वाचनखूण) साठवली. लिथियम हायड्राइडचं उदाहरण कधी ऐकलं नव्हतं.

धनभार
इलेक्ट्रॉनवाला, तुमच्या मुद्द्याला फायान्सची जोड देतो. काझिमिएझ फायान्सने १९२३ मध्ये मांडलेले नियम टायटॅनियमचं कोडं सोडवतात.

कल्पना करा की आपण शंभर टक्के आयनिक संयुगापासून सुरुवात केली. आता धन आयन जितका लहान आणि त्याच्यावरचा भार जितका जास्त, तितका तो शेजारच्या ऋण आयनाचा इलेक्ट्रॉन-ढग स्वतःकडे ओढणार. ऋण आयन मोठा असला तर त्याचा ढग सैल असतो, सहज ओढला जातो. ढग दोघांच्या मधे आला की बंध सहसंयुजाकडे झुकला.

टायटॅनियमवर चार धन भार ठेवून बघा. एवढा भार आणि एवढा लहान आकार! क्लोरीनचा ढग जागेवर राहीलच कसा? म्हणून त्या संयुगात चार क्लोराइड आयन नसून चार सहसंयुज बंध असलेला रेणू आहे. टिनच्या बाबतीत तर एकाच धातूत फरक दिसतो. स्टॅनस क्लोराइड (टिनची संयुजा २) घन आहे, २४७ °से.ला वितळतं. स्टॅनिक क्लोराइड (संयुजा ४) हा द्रव, ११४ °से.ला उकळतो. धातू तोच, अधातू तोच, पण पदार्थांचा स्वभाव वेगळा.

आणि ऋण आयनाची बाजू बघायची तर अ‍ॅल्युमिनियम. त्याचं फ्लोराइड वाफ व्हायला १२०० °से.च्या पुढे जावं लागतं. क्लोराइड मात्र साधारण १८० °से.लाच संप्लवन पावतं, म्हणजे न वितळता थेट वाफ होतं. दाबाखाली वितळवलं तर द्रवात दोन अ‍ॅल्युमिनियम आणि सहा क्लोरीनचे जोड-रेणू असतात आणि तो द्रव वीज जवळपास वाहूच देत नाही. अ‍ॅल्युमिनियम काढताना १८८६ पासून, हॉल आणि एरू यांच्या पद्धतीत, ऑक्साइड क्रायोलाइट नावाच्या द्रवरूप खनिजात विरघळवून विद्युतअपघटन करतात, ९५० °से.च्या आसपास. इतकं तापवण्यापेक्षा सहज वितळणारं क्लोराइड का घेत नाहीत, याचं एक कारण हेच.

मृण्मयी_
म्हणजे धातूची संयुजा तीन किंवा चार दिसली की कान टवकारायचे. हे मुलांना सांगण्यासारखं आहे.

धनभार
अगदी. आणि चारच्या पुढे गेली तर विचारूच नका. मँगेनीज हेप्टॉक्साइड हे तेलासारखं द्रव, ऑस्मियम टेट्रॉक्साइड ४० °से.लाच वितळतं. दोन्ही धातूंची ऑक्साइडं, दोन्ही रेणूंची.

निरगुडी
पण द्रवणांकावरून ओळखणं सगळ्यात सोपं नाही का? आयनिक बंध मजबूत, म्हणून द्रवणांक जास्त. सहसंयुज बंध कमकुवत, म्हणून द्रवणांक कमी. आम्ही असंच शिकलो.

प्रयोगवही
@निरगुडी, या एका वाक्याने जितका गोंधळ घातलाय तितका बाकी कशानेच नसेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सहसंयुज बंध कमकुवत नसतो. पाणी उकळलं की वाफ होते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होत नाहीत. वाफेतही पाण्याचेच रेणू असतात, प्रत्येकातले दोन्ही बंध शाबूत. उकळताना तुटतं ते रेणू-रेणूंमधलं आकर्षण, आणि ते बंधाच्या मानाने फार क्षीण असतं. नॅफ्थलीन (डांबरगोळ्यांतलं) ८० °से.ला वितळतं तेव्हा त्यातला कार्बन-कार्बन बंध एकही तुटत नाही.

साखर बघा. साखरेचे रेणू मोठे आणि त्यांच्यावर भरपूर हायड्रॉक्सिल गट, म्हणून ते एकमेकांना चांगले धरून असतात. इतके, की तापवत गेल्यावर रेणू सुटे होण्याच्या बेतात येतात तोवर रेणूच मोडायला लागतात. म्हणून साखर १८६ °से.च्या आसपास वितळता वितळताच तपकिरी होते, मग काळी पडते. मीठ मात्र ८०१ °से.ला स्वच्छ पाण्यासारखं वितळतं आणि थंड झालं की पुन्हा मीठच.

आता बंधच तोडल्याशिवाय वितळता येणार नाही असे सहसंयुज पदार्थ घ्या. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. त्यात सुटे रेणू नाहीतच. प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनशी, प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनशी, असं अख्ख्या खड्यात विणलेलं जाळं. द्रवणांक १७०० °से.च्या वर, मिठाच्या दुपटीहून जास्त! सहसंयुज बंध किती दणकट असतो ते इथे दिसतं.

म्हणून "द्रवणांक कमी" ही खूण रेणूंची आहे, सहसंयुज बंधाची नव्हे. धाग्याच्या नावातही मी "सहसंयुज" ऐवजी "सहसंयुज रेणूंचं" असं म्हणेन. क्वार्ट्झ, हिरा, सिलिकॉन कार्बाइड हा तिसराच कप्पा आहे.

निरगुडी
पाणी उकळताना बंध तुटत नाहीत, हे रोज बघूनही असं जोडून कधी डोक्यात आलं नाही. आभार!

टवाळ_पोर
मला सोपी कसोटी सापडली. वास घ्या. वास आला तर रेणूंचं. मिठाच्या स्फटिकाला कुठे वास असतो?

प्रयोगवही
कल्पना चांगली आहे. वास येतो याचा अर्थ पदार्थाचे कण हवेतून नाकापर्यंत पोचले, आणि नेहमीच्या तापमानाला आयनांची रचना सोडून कोणी उडत नाही. पण अमोनियम कार्बोनेटला नाकात झिणझिण्या आणणारा वास येतो, आणि ते आयनिक आहे. तो वास अमोनियाचा, कारण पदार्थ बसल्या जागी हळूहळू विघटित होतो. शिवाय अनोळखी रसायनाचा वास घेऊन ओळखायला जाऊ नये, हे ठळक अक्षरात. ऑस्मियम टेट्रॉक्साइडच्या वाफेने डोळ्यांना कायमची इजा होऊ शकते.

मृण्मयी_
प्रयोगवहीताई, वर्गात करता येईल असं काही सांगा ना.

प्रयोगवही
९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, तिच्याबरोबर ४७० ओहमचा रोध, आणि अग्र म्हणून पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटच्या दोन कांड्या. सगळं एका मागोमाग एक जोडायचं. भिंतीतल्या विजेला हात लावायचा नाही.

आधी दोन्ही कांड्या कोरड्या मिठात खुपसा. एलईडी पेटत नाही. आयन आहेत, पण आपापल्या जागी जखडलेले. मग ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवा, तरी अंधार. त्यात साखर घाला, ढवळा. काही नाही. दुसऱ्या पेल्यात तसंच पाणी घेऊन मिठाचे थोडे कण टाका. कण तळाशी जाऊन विरघळायला लागले की एलईडी आधी मंद उजळते आणि ढवळताच भक्कन पेटते. ऋण कांडीवर बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात, तो हायड्रोजन. धन कांडीशी क्लोरीन तयार होतो, म्हणून काही सेकंदांत जोडणी सोडवा आणि खिडकी उघडी ठेवा. नळाचं पाणी वापरलं तर काही न घालताही एलईडी थोडी पेटू शकते, त्यात आधीच क्षार असतात.

आणि एक बिनविजेचा प्रयोग. जाड मिठाचा मोठा खडा भिंगाखाली धरा, त्याच्या सपाट बाजूला समांतर पाते ठेवून हलकेच ठोका. खडा चुरा न होता सरळ सपाट फुटतो. एक थर जरासा सरकला की धनासमोर धन आणि ऋणासमोर ऋण येतो आणि थर एकमेकांना ढकलून देतात.

अनुस्वार
पेल्यातला प्रयोग मी करते, पण मुख्य अडचण तिथेच आहे. मिठाऐवजी हायड्रोजन क्लोराइडचं द्रावण घेतलं तरी एलईडी पेटणारच.

इलेक्ट्रॉनवाला
पेटणारच. कारण तिथे आयन पाण्याने तयार केले. हायड्रोजन क्लोराइडचा रेणू आपला प्रोटॉन (हायड्रोजनचा धन आयन) पाण्याच्या रेणूला देतो. हायड्रोनियम (प्रोटॉन घेतलेलं पाणी) आणि क्लोराइड हे आयन जन्माला येतात. तोच कोरडा वायू टोल्युइन या द्रावकात विरघळवला तर वीज वाहत नाही. मीठ विरघळताना मात्र आधीच असलेले आयन फक्त सुटे होतात.

उलट दिशेनेही ही कसोटी फसते. सिल्व्हर क्लोराइड, बेरियम सल्फेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, पण दोन्ही आयनिक.

म्हणून पाणी मधे आणूच नये. घन असताना वीज वाहत नाही आणि वितळवल्यावर वाहते, ही जोडी मिळाली तर आयनिक. तुम्ही विचारलेल्या "न फसणाऱ्या" कसोटीच्या सगळ्यात जवळची हीच.

जुनापिंपळ
तिलाही दोन खड्डे आहेत. एक, वितळण्याआधीच विघटन होणारे आयनिक पदार्थ. चुनखडीतलं कॅल्शियम कार्बोनेट तापवलं की कार्बन डायऑक्साइड सोडून चुना होतं. दोन, स्फटिकजल (स्फटिकाच्या रचनेतच सामावलेलं पाणी) असलेले क्षार. सोडियम अ‍ॅसिटेट ट्रायहायड्रेट ५८ °से.लाच "वितळतं". खरं तर ते स्वतःच्याच स्फटिकजलात विरघळतं. म्हणजे पाणी चोरवाटेने परत आलंच.

शेवटचा शब्द क्ष-किरणांचा. १९१३ मध्ये विल्यम लॉरेन्स ब्रॅगने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम. एका सोडियमचा "आपला" असा एक क्लोरीन कुठेच नाही, म्हणजे त्या स्फटिकात मिठाचा रेणूच नाही. हे पचायला किती जड गेलं बघा. हेन्री आर्मस्ट्राँगसारख्या ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञाने १९२७ मध्येही "नेचर"मध्ये पत्र लिहून बुद्धिबळाच्या पटासारख्या या मांडणीची खिल्ली उडवली होती. ब्रॅग पितापुत्रांना नोबेल मिळून तेव्हा १२ वर्षं झाली होती.

शाळामास्तर
हे सगळं उत्तम, पण मला एक भीती वाटते. एवढे अपवाद ऐकून मूल म्हणेल, मग हे दोन कप्पे आहेतच कशाला?

इलेक्ट्रॉनवाला
मी तर म्हणतो, असे कडेकोट कप्पे नाहीतच. एका टोकाला सीझियम फ्लोराइड, दुसऱ्या टोकाला क्लोरीनचा रेणू, मधे सलग उतार.

शाळामास्तर
असहमत. बंधाचा स्वभाव सलग बदलतो, हे कबूल. पण वर निरगुडीला लिहिलं तेच पुन्हा: घनात सुटे रेणू आहेत की नाहीत, याचं उत्तर बहुतेक वेळा स्पष्ट हो किंवा नाही असतं. सिलिकॉन टेट्राफ्लोराइडचा बंध कितीही ध्रुवीय असो, रेणू आहेत म्हणजे आहेत. ओळखायचा प्रश्न रचनेचा आहे, तो बंधाच्या टक्केवारीत अडकवू नये.

धनभार
मास्तरांच्या बाजूने. फक्त भर एवढीच, की उत्तर अवस्थेबरोबर बदलू शकतं. फॉस्फरस पेंटाक्लोराइड वाफेत पाच क्लोरीनचा सुटा रेणू असतो. घनात तोच पदार्थ एक धन आयन (चार क्लोरीनचा) आणि एक ऋण आयन (सहा क्लोरीनचा) असा मांडलेला असतो. दोन्ही मूलद्रव्यं अधातू, आणि घन आयनिक!

अनुस्वार
मास्तरांचा "कोणत्या कणांचा रचलाय" हा प्रश्न मी वर्गात पहिल्यांदा ठेवणार, नियम त्याच्यानंतर. पण परीक्षेत नुसती नावं येतात, हातात पदार्थ नसतो. समजा पोटॅशियम नायट्रेट, हायड्रोजन सल्फाइड, इथाइल अमोनियम नायट्रेट आणि मर्क्युरिक (पाऱ्याचं) क्लोराइड अशी चार दिली, तर तुम्ही क्रमाने कसा विचार कराल?

मृण्मयी_
पहिली दोन मी घेते. पोटॅशियम पहिल्या गणातला आणि नायट्रेट ओळखीचा आयन: आयनिक. हायड्रोजन सल्फाइडमध्ये ओळखीचा धन आयन नाही, दोन्ही अधातू: रेणू. हायड्रोजनला धातूसारखं पुढे लिहितात म्हणून मुलं तिथे घसरतात.

जुनापिंपळ
तिसरं माझं. नावात अमोनियम आहे, नायट्रेट आहे, म्हणून आयनिक. आणि उत्तर बरोबर आहे. पण हा पदार्थ १२ °से.लाच वितळतो, म्हणजे नेहमीच्या तापमानाला द्रव. पॉल वाल्डनने १९१४ मध्ये त्याची नोंद केली. धन आयन मोठा आणि बेढब असल्यामुळे आयन घट्ट रचून बसत नाहीत. द्रवणांक बघून कोणी याला सहसंयुज म्हटलं असतं, नाव बघणारा इथे जिंकतो.

धनभार
आणि मर्क्युरिक क्लोराइडला नाव बघणारा हरतो. धातू आहे, संयुजा दोनच आहे, अधातू क्लोरीन. सगळं आयनिकच्या बाजूचं. पण २७७ °से.ला वितळतं आणि ३०४ ला उकळतं, मधे तीसेक अंशांचंही अंतर नाही. मीठ ८०१ ला वितळून १४०० च्या पुढे उकळतं. घनातसुद्धा क्लोरीन-मर्क्युरी-क्लोरीन असे सरळ रेषेतले रेणू दिसतात, आणि पाण्यातल्या द्रावणातून वीज अगदीच कमी वाहते. विद्युतऋणता बघितली असती तर सुगावा लागला असता: मर्क्युरी २.००, फरक १.१६. परीक्षेत विचारलं तर सोबत द्रवणांक द्यावा, नाहीतर मुलांवर अन्याय आहे.

वाचकमात्र
इतका वेळ नुसतं वाचत होतो, आता एक विचारतोच. मीठ १४०० च्या पुढे उकळतं म्हणालात. मग त्या वाफेत काय असतं? सुटे सोडियम आयन आणि क्लोराइड आयन?

धनभार
नाही. विरुद्ध भार इतके दूर ओढायला फार ऊर्जा लागेल. वाफेत एक सोडियम आणि एक क्लोरीन अशा जोड्या असतात, आणि दोन-दोन जोड्या चिकटून झालेले चौकोनी गटही. म्हणजे मिठाचा रेणू असतो, पण फक्त वाफेत. त्यातही सोडियमवर जवळपास पूर्ण धन भार आणि क्लोरीनवर ऋण भार, म्हणून बंधाला आयनिकच म्हणावं लागतं.

शाळामास्तर
म्हणजे रेणू आहे, आणि बंध आयनिक. हे उदाहरण मी परीक्षेत घालणार नाही, पण वर्गात नक्की घालणार.